साडेतीनशे ते साडेसहाशे: मुंबईतल्या जुन्या मोटरसायकलींचा शौकीन बाजार

देशातला सर्वांत लांब सागरी पूल शिवडीत सुरू होतो आणि शिवडीच्याच मोटरसायकलवाल्याला त्यावर चाक टेकवता येत नाही. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. लांबी २१.८ किलोमीटर, मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा, दुचाकींना मनाई. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मनाई, कोस्टल रोडवर मनाई, जेजे उड्डाणपुलावर मनाई, पुण्याच्या द्रुतगती मार्गावरही मनाई. त्यामुळे शिवडीच्या टी. जे. रोडवरच्या माणसाने साडेसहाशे सीसीची गाडी घेतली, तरी ती रविवारी पहाटे वडाळा, चेंबूर, मानखुर्द, वाशी करत पनवेलला काढायची, जुन्या महामार्गाने खोपोली गाठायची, वडापाव-चहा उरकायचा आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. बाकी सहा दिवस गाडी ताडपत्रीखाली.

हे गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. मुंबईतल्या वापरलेल्या मोटरसायकलींच्या बाजाराचा स्वभावच यातून घडला आहे. इथे विक्रीला येणाऱ्या गाड्या वयाने मोठ्या आणि किलोमीटरने लहान असतात. पाच वर्षांची गाडी आणि मीटरवर जेमतेम आठ-नऊ हजार, हे इथे संशयास्पद नाही, नेहमीचं आहे. विकण्याची कारणंही ठरलेली: लग्न ठरलं, मूल झालं, कंबर धरली, परदेशी नोकरी लागली, सोसायटीत पार्किंगवरून वाद झाला, नाहीतर मोठी गाडी डोळ्यांत भरली. गाडी वाईट निघाली म्हणून विकणारा क्वचितच भेटतो. निदान तसं कबूल करणारा तरी भेटत नाही.

‘मध्यम’ कशाला म्हणायचं यावर शौकिनांचं एकमत नाही. इथे ३५० ते ६५० सीसीच्या गाड्या धरल्या आहेत. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा सौदा ॲव्हरेजवर ठरतो आणि लिटर-क्लासच्या गाडीचा सौदा ऐपतीवर. मधल्या पट्ट्यात मात्र घेणारा आणि देणारा दोघंही त्याच नादाचे असतात, आणि म्हणून इथला व्यवहार वेगळा चालतो.

पूर्वी हा पट्टा फारच अरुंद होता. मद्रासजवळ १९५५ पासून जुळणारी बुलेट होती. दुसरी जावा. तिचं मूळ खातं मुंबईचंच: चेकोस्लोव्हाकियातून जावा आणणाऱ्या इराणी बंधूंनी आयात बंद झाल्यावर म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला. १९६१ पासून तिथे गाड्या निघू लागल्या, १९७३ पासून त्याच येझदी झाल्या आणि १९९६ ला कारखान्याला टाळं लागलं. मधल्या काळात, १९८३ साली, एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० ला ‘राजदूत ३५०’ म्हणून आणलं. दोन सिलिंडरची ही टू-स्ट्रोक आपल्या रस्त्यांना आणि खिशांना झेपली नाही. दशक संपता संपता ती गेली आणि गेल्यावर दंतकथा झाली. त्या दिवसांत जुनी गाडी घेणं म्हणजे ओळखीच्या मिस्त्रीला सांगून ठेवणं. गाडी कुणाची, कितीदा बोअर झाली, कुठल्या पावसात बंद पडली, हे त्याला तोंडपाठ असे. मिस्त्री हाच दलाल आणि मिस्त्री हाच जामीन.

पट्टा रुंदावला तो गेल्या पंधरा-सोळा वर्षांत. १९९४ पासून आयशरच्या ताब्यात असलेल्या रॉयल एनफिल्डने २००९ ला नव्या इंजिनाची क्लासिक काढली आणि शोरूमबाहेर महिनोन्‌महिन्यांचं वेटिंग लागलं. ज्याला थांबायचं नव्हतं तो वापरलेलीकडे वळला. २०१३ ला चाकणहून केटीएमची ३९० ड्यूक आली, एक लाख ऐंशी हजारांत. २०१६ मध्ये हिमालयन, त्याच वर्षअखेरीस डॉमिनार ४००. नोव्हेंबर २०१८ ला एनफिल्डच्या साडेसहाशेच्या दोन जुळ्या, इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी. जुलै २०२३ ला ट्रायम्फची स्पीड ४००, पुन्हा चाकणहूनच. आज बाजारात दिसणारा माल म्हणजे साधारण या पाच-सहा नावांची पहिली आणि दुसरी पिढी.

या गाड्यांचे मालक एका साच्याचे नाहीत आणि इथूनच खरी परीक्षा सुरू होते. ३९० ड्यूक बहुधा विशी-पंचविशीतल्या हातांतून येते. ती पळवलेली असते आणि एकदा तरी आडवी झालेली असते. इंटरसेप्टर चाळिशीच्या आसपासच्या माणसाकडून येते. ती पुसलेली असते, पण पुरेशी चाललेली नसते. क्लासिक आणि बुलेट सगळ्यांकडून येतात, म्हणून त्यांत सोनं आणि गाळ दोन्ही. २०१६ ची कार्ब्युरेटरवाली पहिली हिमालयन जाणकार जपून घेतात, फ्युएल इंजेक्शनची नंतरची बिनधास्त. माझ्या मते या सगळ्यांत पैसे वसूल करून देणारी गाडी डॉमिनार आहे. तिच्याभोवती कुणी वलय उभं केलं नाही, म्हणून ती स्वस्त मिळते. इंजिन मात्र ड्यूकच्याच घराण्यातलं, ३७३ सीसीचं.

भावाबद्दल बोलायचं तर एकाच गाडीच्या दोन किमती असतात. एक विमा कंपनीच्या कागदावरची. पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्ष पुरं होईतो पंधरा, दुसऱ्या वर्षात वीस, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस आणि पाचव्यात पन्नास टक्के घट, असा आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीचा, हिशेब चालतो. दुसरी किंमत शौकिनांची, आणि तिला हे कोष्टक मान्य नाही. इंटरसेप्टर आली तेव्हा अडीच लाखांपासून एक्स-शोरूम होती. नवी पुढे महाग होत गेली आणि जुनीलाही वर ओढत गेली. सुरुवातीला घेतलेल्यांचं नुकसान त्यामुळे फारच कमी झालं.

या गणितात २२ सप्टेंबर २०२५ ला एक भिंत उभी राहिली. जीएसटीच्या नव्या दरांत ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा, सेससकट ३१ होता, तो ४० झाला. एनफिल्डच्या ३४९ सीसीच्या नव्या गाड्यांच्या किमती बावीस हजार रुपयांपर्यंत कमी झाल्या. ४५० आणि ६५० चढल्या. काही कंपन्यांनी वाढ सुरुवातीला स्वतःच सोसली. नवी क्लासिक स्वस्त झाल्यावर दोन वर्षांच्या क्लासिकला जुनाच भाव सांगणारा विक्रेता स्वतःचीच समजूत घालत असतो. ३५० च्या वरच्या जुन्या गाडीला मात्र या कराने टेकू दिला आहे. तेव्हा आज घासाघीस करायला जागा आहे ती साडेतीनशेत.

विक्रेत्यांचा आणखी एक गोड गैरसमज म्हणजे ॲक्सेसरीज. क्रॅशगार्ड, पॅनियरचे रॅक, टूरिंग सीट, एलईडीचे जोड दिवे, वर बाराशे रुपयांचा मोबाइल होल्डर. जाहिरातीत ‘चाळीस हजारांचं काम केलंय’ असं ठळक लिहिलेलं असतं. घेणाऱ्याच्या लेखी ते चाळीस हजार कुणाच्या तरी हौसेचे आहेत, त्याच्या नाहीत. शहाणा विक्रेता सगळं काढून गाडी मूळ रूपात आणतो आणि सुटे भाग वेगळे विकतो. त्यात जास्त मिळतं. मूळचा सायलेन्सर पोटमाळ्यावर जपून ठेवला असेल तर तो हुकमाचा पत्ता समजावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही हेच सांगतात की कारखान्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालणार नाहीत. अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांपर्यंत दंड आहे आणि शिक्षेचीही तरतूद आहे. जप्त केलेल्या सायलेन्सरांची रांग मांडून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी त्यावर रोड रोलर फिरवला, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. तरी ‘आवाज ऐका ना एकदा’ हे वाक्य आजही सौद्यात येतंच.

आता गाडी प्रत्यक्ष बघण्याचं. शिवडीची हवा खाडीची. एका अंगाला मिठाची दलदल, फ्लेमिंगो येतात ती. दुसऱ्या अंगाला बंदराचे रस्ते, कंटेनर आणि धूळ. उघड्यावर उभ्या गाडीचं क्रोम इथे दोन पावसाळ्यांत बोलू लागतं. म्हणून रंगाकडे पाहू नये, रंग पॉलिशने एका दुपारीत उजळतो. खाली बसून पुढच्या फोर्कच्या नळ्या पाहाव्यात: जिथे नळी सीलमध्ये शिरते, तिथे नखाला टोचणारे गंजाचे ठिपके असतील तर सील फुटणार हे नक्की. स्पोकची चाकं असतील तर निपल पाहावेत. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च आत मारावा. कमी चाललेल्या गाडीत तळाशी तांबूस थर दिसतो. मग चासीच्या खालच्या नळ्या, साईड स्टँडची स्प्रिंग, सायलेन्सरची पोटाकडची बाजू. पावसाळ्यात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन चकाचक करता येते, पण हेडलाईटच्या आत सुकलेली मातीची रेघ आणि वायरिंगच्या कनेक्टरमधला हिरवट गंज बहुधा राहून जातो.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०१९ ची, मीटरवर सहा हजार आणि टायर मात्र २०२३ चे, असं असेल तर मीटर खोटं बोलतंय किंवा मधली गोष्ट सांगायची राहिली आहे. हँडलची टोकं, क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे गोळे आणि फूटरेस्टची कड घासलेली दिसली तर गाडी पडलेली आहे. पडणं गुन्हा नाही. लपवणं मात्र भाव पाडायला पुरेसं कारण आहे. मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी ठेवावं आणि हँडल हलक्या बोटांनी डावीकडून उजवीकडे न्यावं. मध्यावर खटका लागला तर कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेली. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन ओढून पाहावी. दात उघडा पडत असेल तर चेनकिटचा खर्च किमतीतून वजा.

सगळ्यांत महत्त्वाचं: गाडी थंड हवी. विक्रेत्याला आधीच सांगावं, ‘मी येईपर्यंत चालू करू नका.’ पोचल्याबरोबर इंजिनावर हात ठेवावा. कोमट लागलं तर विचारावं, का? थंड इंजिन पहिल्या फटक्यात कसं उठतं, पहिली दहा सेकंदं धूर कसला येतो, टॅपेटचा आवाज गरम झाल्यावर वाढतो की कमी होतो, हे एकदाच ऐकायला मिळतं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटची तर पारखच वेगळी. ॲम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, डिकॉम्प दाबून, किक वरच्या टोकाला घेऊन मग पूर्ण वजनाने खाली. मालकाने हे न बघता, बोलता बोलता केलं आणि गाडी दुसऱ्या किकला ‘डग डग’ करू लागली, तर समजावं की गाडी त्याचीच आहे, पंधरवड्यापूर्वी विकायलाच आणलेली नाही. उलट तोच घामाघूम झाला, तर चहाचे पैसे देऊन निघावं.

नव्या गाड्यांत यंत्राइतकाच इतिहास महत्त्वाचा. सर्व्हिसच्या नोंदी, दोन्ही किल्ल्या आणि रिकॉल. मे २०२१ मध्ये एनफिल्डने इग्निशन कॉइलपायी सात देशांतल्या २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या होत्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ मध्ये बनलेली मिटिऑर, क्लासिक किंवा बुलेट घेताना ते काम झालं का हे सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीची गाडी एबीएसविना असू शकते आणि पावसाळ्यात परळच्या उतारावर हा फरक कळतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला धरून बनवल्या आहेत. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत रबराचे भाग, नळ्या आणि सील बदलायची तयारी ठेवावी.

इतकं सगळं शौकीन माणूस मनापासून करतो. तासभर चेनवर बोलतो. आणि मग कागदांची वेळ आली की ‘टीटीओच्या, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्मवर सह्या करून ठेवतो, तुम्ही सवडीने नाव करून घ्या’ म्हणत किल्ली देतो. या बाजाराचं खरं दुखणं यंत्रात नाही, इथे आहे.

कायदा साफ आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०: एकाच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव करून घ्यायचं. फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला छाप, आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्रं. कर्जाची गाडी असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, म्हणजे बोजा उतरल्याचा पुरावा. शिवडीकराची गाडी ताडदेवच्या आरटीओत, एमएच ०१. वडाळ्याचं कार्यालय हाकेवर असलं तरी ते पूर्व उपनगरांचं. बरंचसं काम आता ऑनलाइन, आधारच्या ओटीपीवर होतं. पण सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदीत मालकाचा मोबाइल नंबर जुना किंवा भलत्याचाच असेल तर ओटीपी तिकडे जातो आणि सौदा अडकतो. विकायचा विचार मनात आला की आधी तो नंबर दुरुस्त करावा.

नाव न बदलल्याने काय होतं, हे ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. तिथे एक मोटार हातोहात चार जणांकडे गेली, नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली, अपघात झाला. न्यायालय म्हणालं, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. मोटरसायकललाही हेच लागू. तुमच्या जुन्या क्लासिकवर तिसरा मालक बसून घाटात कुणाला धडकला आणि विमा संपलेला असेल, तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल. ई-चलान तर आत्ताही येतातच.

विम्याचंही लोक अर्धवट ऐकून सांगतात. गाडी विकली की थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे जातं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं नाही, त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आणि नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याने तो आपल्या पुढच्या गाडीसाठी राखून घ्यावा; ५० टक्क्यांपर्यंत तो जातो आणि बहुतेक जण तो फुकट सोडून देतात.

दुर्मिळ जुन्या गाड्यांत हा कागद इंजिनाहून महाग ठरतो. आरडी ३५० चे पिस्टन, क्रँक, डबे असं सगळं हिंडून हिंडून जमवता येतं: चोर बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर कोल्हापूर-बेळगावच्या एखाद्या गॅरेजचा माळा. हरवलेलं आरसी बुक, वारलेला मालक आणि वारसांत भांडण, हे मात्र जमवता येत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. एप्रिल २०२२ पासून त्याचं मोटरसायकलचं शुल्क ३०० वरून १,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना आणखी वाढलं. त्यावर हरित कर आणि नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते: वीस हजार शुल्क, दहा वर्षांची मुदत, पण रोजच्या वापराला बंदी. साठच्या दशकातली जावा यात बसते. आरडीला २०३३ पर्यंत थांबावं लागेल. कुणी चासी नंबर खोडलेली, ‘शोपीस म्हणून ठेवा’ अशी स्वस्त गाडी दाखवली तर हात लावू नये. चोरीच्या वाहनांची खातरजमा वाहन समन्वय या सरकारी पोर्टलवर करता येते.

हे सगळं नको असेल तर दुकानातून घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं आणि रीतसर सूचना देऊन गाडी त्याच्या ताब्यात दिली की तो मानीव मालक ठरतो. विकणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. एनफिल्डने डिसेंबर २०२३ मध्ये ‘रीओन’ नावाने स्वतःच्या जुन्या गाड्यांची विक्री सुरू केली, मुंबईसह पाच शहरांत. दुकानात भाव जास्त असतो, पण तपासणी आणि नाव बदलण्याची जबाबदारी दुसऱ्याची असते. पहिली मोठी गाडी घेणाऱ्याला मी हेच सुचवेन. दुसरी घेताना मात्र दुकानाचा नाद सोडून माणूस शोधावा. गाडी विकताना ज्याचा जीव थोडा खालीवर होतो, जो बिलांची फाईल स्वतःहून काढतो आणि उजव्या इंडिकेटरचा दोष न विचारता सांगतो, त्याला दोन-पाच हजार जास्त मोजायला हरकत नाही.

शिवडी-परळच्या माणसाला किती सीसीची घ्यावी असं विचारलंत, तर साडेतीनशे-चारशेच्या पुढे जाण्याचं कारण मला दिसत नाही. जिथे साडेसहाशे पळेल, ते रस्ते आपल्याला बंद आहेत. विकणाऱ्यांना एवढीच विनंती: अर्धे पैसे हातात आले म्हणून किल्ली देऊ नका, अर्ज आरटीओत दाखल झाल्याची पावती मिळाल्यावर द्या. आणि महिन्याभराने एमपरिवहन ॲपवर आपला जुना नंबर टाकून मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते पाहा.